शेटलँडला निघालेली मुकुंदवाडी

लोक प्रवास करून येतात आणि मग किस्से सांगतात. आमचं उलटं. अजून घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, तोवरच किस्से एवढे साचले की आमचा कदम म्हणायला लागला, "आता नाय गेलो तरी चालतंय की!"

मी म्हणलं, "तू राह्य घरी. मी चालले."

आधी माणसं सांगते. चारच आहेत. कुलकर्णी काका पुंडलिकनगरला राहतात, शाळेतून रिटायर, वय शहात्तर, छातीत स्टेंट. सुनीता मॅडम कॉलेजात शिकवतात, लॅपटॉप त्यांच्याकडं. कदम शेंद्र्याचा, शेती बी करतो अन् कंपनीत पाळी बी. नजर तेज, जीभ त्याहून. आणि मी. मुकुंदवाडीत माझी खानावळ आहे. शाळा चौथीपर्यंत. सगळे मला आक्का म्हणतात, शहात्तरीचे काका बी!

*

मी यांच्यात आले ती डबा घेऊन. हिवाळ्यात दर रविवारी हे तिघं जायकवाडीच्या पाण्यावर पक्षी बघायला जायचे, मी सोबत पिठलं-भाकरी.

एकदा लांबच्या एका बदकावरून अर्धा तास भांडण चाललं. मॅडम एक नाव घ्यायच्या, कदम दुसरं, काका पुस्तक चाळायचे. भाकऱ्या गार व्हायला लागल्या. मी कदमच्या हातातली दुर्बीण ओढली, बघितलं आणि म्हणलं, "अहो, चोच बघा ना! उलथन्यासारखी रुंद हाय!"

काकांनी पुस्तक मिटलं. "थापट्या! आक्का, बरोबर!"

मग त्यांनी सांगितलं, ही बदकं लई वरून, उत्तरेकडून येतात. तिकडं थंडी पडायला लागली की निघतात, आपल्याकडं हिवाळा काढतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात.

पुढच्या रविवारी दुर्बीण माझ्या गळ्यात होती आणि डबा कदमच्या डोक्यावर!

*

काकांना तीस वर्षांपासून एकच वेड. स्कॉटलंडच्या बी वर, समुद्रात शेटलँड नावाची बेटं आहेत. झाड औषधाला नाय, वारा रातंदिस. सप्टेंबर संपता संपता वाट चुकलेले पक्षी तिथं येऊन उतरतात, आणि ते बघायला जगभरची माणसं जमतात. "एकदा तिथं उभं राहायचंय," काका म्हणायचे. म्हणता म्हणता रिटायर झाले, काकू गेल्या, स्टेंट बसला.

शेवटी मॅडमनी लॅपटॉप उघडला. "काका, या सप्टेंबरात जाऊ."

काकांचा मुलगा पुण्याहून तडक आला. "या वयात? तिथं दवाखाना किती लांब, माहितीये?"

काकांनी चष्मा काढला. पुसत बसले. एवढ्या पोरांना शिकवलेला माणूस, पण आपल्या पोरापुढं परीक्षेत नापास झाल्यासारखा! मला बघवेना.

मी म्हणलं, "मी हाय ना सोबत."

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. मागच्या साली जायकवाडीच्या पाण्यावर काकांच्या छातीत दुखलं, तेव्हा मी त्यांना मासे वाहायच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. टेम्पोवाला चहाला थांबतो म्हणत होता. त्याला मी जे बोलले ते इथं लिहिता येत नाय.

मुलगा म्हणाला, "आक्का जाणार असतील तर जा. नाहीतर नाही. बाबा डॉक्टरांना घाबरत नाहीत, यांना घाबरतात."

झालं! काकांची तीस वर्षं माझ्या पासपोर्टाला येऊन लटकली. आणि माझ्याकडं पासपोर्टच नव्हता!

*

तारखा ठरवायला बसलो. गौरी-गणपती माझ्याकडं असतात, ते उरकल्याशिवाय मी हलत नाय. कदमची सुट्टी त्याच्याच पुढं. सप्टेंबरचा शेवट नक्की झाला.

कदमला एवढा आनंद झाला की त्यानं चौघांसाठी टी-शर्ट छापून आणले. छातीवर त्या बेटांवरचा पफिन पक्षी. लाल-पिवळी जाड चोच, तोंड असं की जेवणात मीठ कमी पडलंय. आम्ही अंगात घालून फोटो बी काढले.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन. आवाज बसलेला. "आक्का, पफिन ऑगस्टातच समुद्रात निघून जातो. आपण जाऊ तेव्हा एकसुद्धा नसणार."

कदमनं कपाळाला हात लावला. मी म्हणलं, "रडतो काय? तो तिथं नसणार, म्हणून आपण इथनं घेऊन चाललोय!"

*

एका दुपारी मॅडमनी खानावळीत बसून शेटलँडचा व्हिडिओ दाखवला. पन्नासेक गोरी माणसं, केवढाल्या लेन्सा, ओल्या गवतात पालथी पडलेली. श्वास रोखून! समोर एकच इवलासा पक्षी, चिखलात शेपटी हलवत.

मॅडम हळूच म्हणाल्या, "तिथं फार दुर्मिळ. लोक विमानानं येतात याच्यासाठी."

मी जवळ जाऊन बघितलं. "मॅडम, हा पिवळ्या डोक्याचा धोबी. आपल्या स्टेशनामागच्या नाल्यावर थंडीभर असतो!"

"व्हय की!" कदम म्हणाला. "पण तिथं त्यो वाट चुकून गेलाय, आक्का. म्हणून त्याला मान."

"मग आपण बी वाट चुकल्यासारखेच दिसू. आपल्याला बघायला पालथं पडतंय का कोणी?"

काका एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

*

तिथल्या वाऱ्यात दुर्बीण हातात स्थिर राहत नाही, असं काकांनी कुठंतरी वाचलं. म्हणाले, सराव पाहिजे.

आता मे महिन्यात वारा आणायचा कुठून? कदमनं चुलतभावाचा छोटा हत्ती टेम्पो आणला. आम्ही मागं उभे. स्वेटर, कानटोप्या, हातमोजे, गळ्यात दुर्बिणी. काकांचा तोल जाईल म्हणून मी त्यांना सुती दोरीनं टेम्पोच्या दांडीला बांधलं, चांगल्या दोन गाठी मारून. जालना रोडवर कदमनं गाडी जी सोडली! विजेच्या तारेवर कोतवाल पक्षी दिसला की काका ओरडायचे, "स्थिर! स्थिर धरा!"

शिट्टी वाजली. हवालदारानं गाडी बाजूला घेतली. घामानं निथळणारी, कानटोप्या घातलेली आम्ही मंडळी त्यानं एकदा बघितली, मग दोरी बघितली.

"आजोबाला बांधून कुठं चालवलंय रे?"

कदम घाबरला आणि खरं बोलला. "स्कॉटलंडला, साहेब!"

हवालदार म्हणाला, "कागद दाखव."

मी म्हणलं, "त्याचीच तर वाट बघतोय, दादा!"

*

माझा पासपोर्ट आला. मग व्हिसाचा फॉर्म. मॅडम वाचायच्या, मी सांगायची.

"आक्का, तुम्ही कधी दहशतवादी कारवायांत भाग घेतलाय का?"

मी काही बोलायच्या आत कदम म्हणाला, "खानावळीतल्या पोरांना विचारा. ताटात भाजी टाकली की काय होतं, ते सांगतील!"

मॅडमनी "नाही" लिहिलं. पण लिहिताना माझ्याकडं जरा बघितलं, ते मला आवडलं नाय.

*

तिघांचे व्हिसे आले. माझा नाय. मला मुंबईला मुलाखतीला बोलावलं.

काका म्हणाले, "आक्का, नाही मिळाला तरी मनाला लावून घेऊ नका." आणि बॅगेत भरलेला गरम कोट काढून पुन्हा कपाटात टांगला. मी बघितलं ते. त्यांना वाटलं, मी बघितलं नाय.

मुंबईच्या व्हिसा ऑफिसात एक गोरा साहेब, शेजारी मराठी सांगणारी एक मुलगी. साहेब इंग्रजीत विचारायचा, ती मराठीत सांगायची.

"तुमचं शिक्षण?"

"चौथी."

"इंग्रजी येतं?"

"नाय. पाखरांना बी येत नाय."

मुलगी थोडी अडखळली, पण सांगितलं तिनं. साहेब हसला नाही. कागद उलटत राहिला. मग बराच वेळ बोलला. मुलीचा चेहरा उतरला.

"साहेब म्हणतात, तुम्ही याआधी कधीच परदेशात गेलेल्या नाहीत. तिकडंच राहणार नाही, परत याल, हे त्यांनी कशावरून मानायचं?"

माझ्या डोळ्यापुढं तो कपाटातला कोट आला. डोकंच फिरलं माझं. खुर्ची पुढं ओढली आणि म्हणलं, "बाई, नीट सांग त्यांना. ऑक्टोबर लागला की यांच्याकडची पाखरं जीव घेऊन पळतात आणि आमच्या जायकवाडीला येऊन बसतात. हजारो मैल उडून! जिथं त्यांची स्वतःची पाखरं थांबत नायत, तिथं मी काय करायला थांबू?"

मुलीनं सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द.

साहेब खुर्चीत मागं टेकला. त्यानं पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मग पुढं वाकून हळू आवाजात काहीतरी विचारलं.

मुलीनं हसू येऊ नये म्हणून ओठ दाबून धरले. "साहेब विचारतायत, जायकवाडीला कोणत्या महिन्यात यावं?"