चार्जरची ऊब

गल्लीत त्याला सगळे फ्रिजवाला म्हणत. तीस वर्षं त्याने फ्रिज दुरुस्त केले आणि तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या गळी एकच गोष्ट उतरवली: उष्णता नाहीशी होत नाही, इथून हाकलली की दुसरीकडे निघते. फ्रिजची पाठ तापते म्हणून कुणी तक्रार केली, की तो इतका वेळ समजावत बसे की तो माणूस पुन्हा म्हणून तक्रार करत नसे.

चार वर्षांपूर्वी वडील जिन्यावरून पडले आणि त्यांचे पाय गेले. भाड्याचे गाडीवाले त्यांना चढवता-उतरवताना तोंड वाकडं करत. म्हणून याने भंगारातली एक छोटी गाडी आणली, इंजिन उपटून मोटर बसवली, डिकीत बॅटऱ्या रचल्या आणि पुढची सीट वडिलांसाठी पार खाली बसवली. गाडी पळायलाही लागली. माशी शिंकली ती चार्जरपाशी. चाळीस मिनिटांत तो तव्यासारखा तापायचा आणि आपणहून बंद पडायचा. याने खाली ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लावला, झाकण काढलं, शेवटी चार्जर उचलून घराला लागून असलेल्या शेडच्या आतल्या भिंतीशी मांडला. फरक शून्य.

मग एका दुपारी तो सलग तीन तास चालला. याने हात लावला, तर गार. मीटरवर करंट पुरता होता, बॅटरी भरत होती, आणि चार्जर मात्र बर्फ ठेवल्यासारखा. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. याला मात्र प्रश्न पडला. एवढी उष्णता गेली कुठे?

उपड्या हाताने तो चाचपत सुटला. वायर गार, भिंत गार, जमीन गार. चाचपत चाचपत तो भिंतीपलीकडच्या खोलीत वडिलांच्या पलंगापाशी पोचला. चादरीतून ऊब येत होती.

“पाय गरम झालेत रे,” वडील म्हणाले. “बटण बंद करू नकोस.”

पलंगावरून शेड दिसत नव्हती. बटणाबद्दल त्यांना कुणी काही सांगितलंही नव्हतं.

भरलेली बॅटरी पुन्हा भरता येत नाही, म्हणून तो रोज सकाळी उगाचच गाडी फिरवून ती रिकामी करू लागला. “अहो, कोपऱ्यावर साबण आणायला गेला होतात की परदेशात?” बायको विचारी. चौथ्या दिवशी वडिलांच्या पायाचा अंगठा हलला. दुसऱ्या आठवड्यात गुडघा वाकला. तिसऱ्यात म्हातारा खिडकीचे गज धरून उभा राहिला. याला आनंदाने रडू आलं आणि तितकीच भीतीही वाटली. कारण बटण दाबलं की भिंतीपलीकडून “आलं” असा आवाज येई. कधी कधी तो दाबायच्या आधीच येई, आणि याचं बोट हवेतच थांबे.

“सूनबाईला इतक्यात सांगू नकोस,” वडील म्हणाले होते. “एकदम दारापर्यंत चालूनच दाखवू.”

तो दिवस आला. याने चार्जर लावला आणि खोलीत येऊन दार लोटून घेतलं. वडिलांनी गज सोडले. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला त्यांनी याच्याकडे पाहून चक्क हसून घेतलं. दार दोनच पावलांवर होतं.

“कुणीतरी सोडलं,” ते हळूच म्हणाले, आणि त्यांचे गुडघे दुमडले.

याने काखेत हात घालून त्यांना वरच्या वर झेललं. पावलं फरशीवर लोळत होती, गार पडलेली. तेवढ्यात बायको हात पुसत आत आली.

“अहो, चार्जरवर टेबलफॅन लावून आलेय. अजून रोज त्याच्यापाशी घुटमळता, बघवेना. आता तापायची चिंता नको. अगं बाई, बाबांना खाली का घेतलंत?”

याने तोंड उघडलं. वडिलांनी त्याच्या कानाशी ओठ नेले. “काही सांगू नकोस तिला. बिचारीने चांगल्यासाठी केलं.”

दुसऱ्या दिवशी त्याने पंखा काढून पाहिला. भिंतीपलीकडून आवाज आला नाही. चार्जर तापला आणि चाळीस मिनिटांनी बंद पडला. पुढे महिनाभर त्याने हेच केलं. मग निमूटपणे पंखा परत लावला.

गाडी आता झकास चालते. तो वडिलांना उचलून पुढच्या सीटवर बसवतो. पाहुणे आले की बायको कौतुकाने सांगते, गाडी यांनी केली खरी, पण मार्गाला लागली माझ्या पंख्यामुळे. आणि वडील मान डोलावून म्हणतात, “खरंय.”