वाकडा ळ

भिलाईच्या रिसालीतल्या आमच्या घरात एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यावर जी ऑपरेटिंग सिस्टीम चालते, ती अख्ख्या भिलाई-दुर्गात दोनच माणसं वापरतात. एक आमचे हे, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. दुसरे यांचे मित्र, पद्मनाभपूरचे भाऊजी, दुर्गला रेल्वेत आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे यांनी मला कितीदा तरी समजावलं. मला एवढंच कळलं, की सगळ्यांच्या आधी जी जागी होते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते, ती. म्हणजे मीच.

या सिस्टीमचा बाजार वाढतोय, असं हे ठासून सांगायचे.

"कुठं वाढून राहिला?" मी विचारायची.

"फिनलंडमध्ये एक नवीन माणूस आला."

पुढे तो माणूसही सोडून गेल्याचं कळायचं, पण यांचा विश्वास काही ढळायचा नाही.

ती बनवणारी मूळ कंपनी केव्हाच बुडाली. तिचं नाव एकीनं विकत घेतलं, आतला माल दुसरीनं, आणि खरी मालकीण कोण यावरून दोघी परदेशात कोर्टकचेऱ्या करत बसल्या. हे नाववालीच्या बाजूचे, भाऊजी मालवालीच्या. दर रविवारी सकाळी भाऊजी स्कूटरवर यायचे, मी तर्री-पोहे करायची आणि तो खटला आमच्या टेबलावर पुन्हा उभा राहायचा. आवाज चढायचे. मला ते फार आवडायचं. मुलं बाहेरगावी गेल्यावर घरात एवढाच काय तो आवाज उरला होता.

भांडता भांडता दोघांनी एक कामही केलं होतं. त्या सिस्टीमवर मराठी लिहिता येत नव्हतं. यांनी टायपिंगचा प्रोग्रॅम लिहिला, आणि भाऊजींनी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरत सगळी अक्षरं काढली. भाऊजींचा हात मुळातच वळणदार.

एक दिवस नाववाल्या कंपनीचा ईमेल आला. पुढच्या आवृत्तीत तुमची मराठी घालायची आहे, मालक कोण ते कळवा आणि लायसन्स पाठवा. झालं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

"त्यायच्यापाशी नाव सोडून आहे काय?" भाऊजी म्हणाले. "माझी अक्षरं मी नाही देत."

"मालक मी आहो. प्रोग्रॅम माझा आहे," हे म्हणाले.

"अन् अक्षरं?"

"अक्षरं काय, कोणीही काढते."

भाऊजींनी पोह्यांची बशी अर्धीच खाली ठेवली. "मग माझी काढून टाक," एवढं म्हणून ते निघून गेले. यांनीही रागाच्या भरात ती खरंच काढून टाकली. तेव्हापासून यांनी मराठीत काहीही टाइप केलं, की पडद्यावर नुसते रिकामे चौकोन उमटायचे. तिकडे भाऊजींनी यांचा प्रोग्रॅम पुसला, हे मला मागाहून कळलं.

पुढचा रविवार मुका गेला. त्याच्या पुढचाही. मी सवयीनं तिघांचे पोहे भिजवायची आणि आम्ही संध्याकाळी पुन्हा तेच खायचो. मला यांचा भयंकर राग आला होता.

"फोन करा न त्यायले," मी म्हटलं.

"लायसन्सचा प्रश्न आहे. तुले नाही समजत."

"दोघं होते वापरणारे, त्यातला एक हाकलला. वाढवा आता बाजार."

हे ग्राफचा कागद घेऊन स्वतःच अक्षरं काढायला बसले. ग, म, न कसेबसे निभावले. क ला पोट सुटलं. ळ पाशी मात्र गाडी अडली. प्लांटमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासलेला माणूस, पण ळ चे दोन गोळे काही जमेनात. एक फुगायचा, तर दुसरा आडवा व्हायचा. मी डाळ निवडत बघत होते. हसू दाबणं कठीण होतं आणि वाईटही वाटत होतं.

"तुले हा ळ वाटून राहिला का?" शेवटी यांनी विचारलं.

"मले तर चष्मा वाटून राहिला. वर कोणी बसून चेपलेला."

हे उठले. कागदाची घडी खिशात घातली, स्कूटर काढली. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी मागे बसले.

पद्मनाभपूरला भाऊजींनी दार उघडलं. यांनी कागद पुढे केला. भाऊजींनी तो उभा धरून पाहिला, मग आडवा.

"हे काय होय बे?"

"ळ."

"कशाले काढला?"

"कोणीही काढते म्हटलं होतं न. नाही काढत."

यांच्या तोंडून याहून मोठी माफी मी कधी ऐकलेली नाही. भाऊजी हसत सुटले, आणि मग मला तरी कोण आवरणार.

तिथेच बसून दोघांनी दोन्ही कंपन्यांना एकच ईमेल लिहिला. मालक आम्ही दोघं, मराठी फुकट घ्या, पण दुसरीलाही देऊ. अजून एकीचंही उत्तर नाही. सवतीला मिळणारी साडी कोणाला हवी असते?

अक्षरं परत आली, सगळी भाऊजींची. फक्त ळ त्यांनी यांचाच ठेवला.

"तुझा टाक न, चांगला आहे," हे वैतागून म्हणाले.

"राहू दे. मालक दोघं म्हणून लिहिलं आपण, तर दिसलं पाहिजे."

आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मी त्याच कॉम्प्युटरवर छापते. तिळगूळ शब्दात दोन ळ, दोन्ही लवंडलेले. यंदा शेजारच्या नव्या सुनेनं विचारलं, "काकू, ये अक्षर बिगड गया क्या?"

"नाही वं," मी म्हटलं, "ते आमचं लायसन्स होय. अन् रविवारी सकाळी नको येऊ, तेव्हा आमच्या घरी कोर्ट भरते."