माझं पत्रक आणि वरच्या वाडीचा साकव

पत्रकं लिहायला मी भोरच्या कॉलेजात शिकले. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसरीत आरोप, शेवटी उद्गारचिन्ह. वेल्ह्यातल्या त्या गावासाठी लिहिलेलं पत्रकही तसंच होतं: ‘पैसा गावाचा, मग निर्णय चौघांचा का?’

प्रश्न मला आजही बरोबरच वाटतो. पंचायतीकडे निधी आला होता आणि सरपंचांना त्यातून फाट्यावर कमान बांधायची होती. वरच्या वाडीला हवा होता ओढ्यावर साकव. वाडी धनगरांची. दूध खाली डेअरीला घालायचं, त्यावर घर चालतं. पावसाळ्यात ओढा भरला की कॅन डोक्यावर घेऊन डोंगराच्या कडेनं लांबचा वळसा, आणि पोरांची शाळा बुडते ती बुडतेच. अशा ठिकाणी कमान! माझं डोकं फिरलं होतं.

नसरापुरात पत्रकं छापून घेतली आणि वाडीवर चढले. पहिल्याच घरी एक मावशी म्हशीखालचं शेण काढत होत्या. वाडीत त्यांचा शब्द चालायचा. हात धुऊन त्यांनी कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि मलाच परत दिला.

“वाचून दाव. आन वराडू नगं, म्हस बुजती.”

मी वाचलं. शेवटी ठळक अक्षरात होतं: ग्रामसभेवर बहिष्कार टाका! खालच्या गावातले निम्मे लोक पुण्याला नोकरीला. वाडी गेली नाही तर कोरम होणार नाही, कोरम नाही तर सभाच नाही, असा माझा हिशेब.

“म्हंजी आमी न्हाई गेलो तर कमान व्हत न्हाई?”

“होतच नाही, मावशी. माझा शब्द.”

त्यांनी शेणाची पाटी उचलली. “शिकल्याली हायेस. तुला ठावं असंल.”

वाडीतून कुणीही गेलं नाही. ग्रामसेवकांनी अर्धा तास वाट बघितली आणि सभा तहकूब केली. मी एसटीत बसून आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाला मोबाईलवर कळवलं, जिंकलो.

आठवड्यानं तहकूब सभा पुन्हा भरली. वाडी याही वेळी घरीच होती, माझ्या शब्दावर. मी गंमत बघायला गेले. चावडीत अकरा माणसं. ग्रामसेवकांनी कमानीचा ठराव वाचला, हात वर झाले, मंजूर. मी ताडकन उठले.

“कोरम कुठंय?”

“ताई, तहकूब सभेला कोरम लागत नाही,” ग्रामसेवक म्हणाले. आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

सरपंचांनी खिशातून माझंच पत्रक काढलं. “आमी कुणाला आडवलं व्हय? दवंडी दिली, नोटीस लावली. येऊ नका म्हणून तुमीच छापलंय की! पानशेतला येणाऱ्या गाड्या फाट्यावरनं सरळ जात्यात. हितं गाव हाय हे कळलं तर आमच्या बायांची जेवणाची चार ताटं खपतील, म्हणून कमान. ह्यात माजं काय घरचं हाय?”

त्यांना मी खलनायक म्हणून रंगवलं होतं. तो माणूस फक्त स्वतःच्या बाजूच्या लोकांचं ऐकत होता. माझ्यासारखाच.

मावशींना सांगायला मीच वर गेले. ती चढण संपूच नये असं वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी आमी घरी बसलो आन त्यांनी ठरवलं.”

“माझी चूक झाली, मावशी.”

“तुजी झाली. वळसा आमाला.” त्यांनी मला चहा दिला. मग म्हणाल्या, “पर खरं सांगू? तू आली नसतीस तरी आमी जात न्हवतो. सभा सकाळची. त्या वक्ताला दूध घालायचं का सभेला बसायचं? तू आमाला ह्ये कधी इचारलंस?”

नव्हतं विचारलं. एवढ्या पत्रकात एक ओळ त्याची नव्हती.

पुढच्या सभेआधी मी पत्रक काढलं नाही, एक साधा अर्ज लिहिला: सभा दूध घालून झाल्यावर, दुपारी ठेवावी. सरपंचांनी वाचला, “एवढंच व्हय?” म्हणाले आणि वेळ बदलली. दुपारी अख्खी वाडी उतरली. दाराशीच हजेरीची वही होती. आधी सही-अंगठा, मग बोलणं, कामकाज नंतर सवडीनं लिहायचं, अशी तिथली वर्षानुवर्षांची रीत. मावशींनी शाईचा पॅड बाजूला सारला.

“आदी साकव लिवा. मग अंगठा.”

“अहो मावशी, ही नुसती हजेरी आहे,” ग्रामसेवक म्हणाले.

“मी हितं हाय, दिसतीय की तुमाला. लिवा.”

सभा हसली, सरपंचही हसले. पण मावशींच्या मागे सगळी वाडी अंगठे मुठीत धरून उभी होती. शेवटी साकवाचा विषय निघाला, हात वर झाले, तेही खालच्या आळीतल्या बायांसकट. पुढच्या आराखड्यात पहिलं काम साकवाचं. ग्रामसेवकांनी तिथंच लिहिलं. मावशींनी वही माझ्यापुढे सरकवली.

“आता तू वाच. मोठ्यानं वराडलीस तरी चालंल, हितं म्हस न्हाई.”

मी वाचलं. दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी अंगठा उमटवला आणि मागच्या बाईला पॅड दिला.

साकव अजून झालेला नाही. कमान झाली. यंदाच्या पावसाळ्यातही कॅन वळशानंच उतरणार, आणि आजवरच्या वळशांतला एक पावसाळा माझ्या खात्यावर आहे. मावशी मात्र डेअरीवरून परतताना ग्रामसेवकांच्या दारात थांबतात आणि विचारतात, “आमची ओळ हाय न्हवं वहीत?”