सेनापतीचे वाढवलेले भाग

थोरल्या बहिणीने तिचं नाव टाचणी ठेवलं ते लहानपणीच. अंगाने काडी आणि जिभेने टोचरी, म्हणून. पुढे तिने कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा ते नाव आयतंच शोभून गेलं. दोघी बहिणी दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. टाचणीने लग्न केलं नाही, ताईचं टिकलं नाही, आणि दोघींनी मिळून तो विषय केव्हाच मिटवून टाकला होता. घरात पुरुष एकच, चिनी मालिकेतला सेनापती.

टाचणीला या मालिकांचं वेड लागलं ते बाह्यांपायी. एवढ्या घोळदार बाह्या, एवढं कापड, आणि शिवण कुठे दिसत नाही! ती टीव्हीला नाक लावून बघायची. मग कापड राहिलं बाजूला आणि माणसांतच जीव गुंतला. बाईने नुसते केस वर बांधले की अख्ख्या दरबाराला ती पुरुष वाटते, आणि कुणीतरी बर्फात गुडघे टेकल्याशिवाय भाग संपत नाही, याची दोघी मनसोक्त टिंगल करत. सेनापतीची मात्र टिंगल करायची नाही. तो स्वतःच्या आधी घोड्याला पाणी पाजणारा माणूस. राजाच्या कपटी मामाला ताई रोज शिव्या घालायची, जणू तो समोरच्याच बिऱ्हाडात राहतो. आणि पँट आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकाला टाचणी आधी सेनापतीची हकिकत ऐकवायची, मग टेप लावायची.

साखरेने ताईचे आधी डोळे नेले, मग किडन्या. तेव्हापासून ती टीव्हीपुढे बसायची ती कानांनी. टाचणी शेजारी बसून सबटायटल वाचायची, म्हणजे आपल्या भाषेत सांगायची, मामासाठी घोगरा आवाज काढून. दिवसाआड हॉस्पिटलची गाडी येऊन ताईला डायलिसिसला घेऊन जाई. परत आली की पायांत गोळे, तोंडाला कोरड, आणि पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं, जास्त मागायची सोय नाही. अशीच एकदा परत आल्यावर ती पलंगावर टेकली आणि म्हणाली, "टाचणे, ही मालिका संपेपर्यंत जाईन. मग मला कुणी त्या गाडीत घालायचं नाही. कबूल?"

"कबूल," टाचणी म्हणून गेली. मालिका लांबलचक होती, आणि ताई वैतागून बोलतेय, विसरेल, असं तिला वाटलं.

ताई विसरली नाही. तिने डॉक्टरांनाही तेच सांगितलं. डॉक्टरांनी टाचणीला बाजूला घेऊन समजावलं की यंत्राने दिवस निघतील, त्रास कमी होणार नाही, आणि निर्णय ताईचाच आहे.

शेवटचे भाग जवळ आले तशी टाचणी धास्तावली. ताई नसली तर या खोल्यांत आपण बोलायचं कुणाशी? बटणं लावताना तिच्या बोटांना सुया टोचायला लागल्या. आणि मग तिला चाहत्यांच्या ग्रुपवरची एक गोष्ट आठवली. एका कॉलेजच्या मुलीने मागे लिहिलं होतं की सेनापतीचा आवाज त्या नटाचा नाहीच; या मालिकांत दिसणारा एक आणि बोलणारा दुसरा असं पुष्कळदा असतं, आणि एकच आवाज चार नायकांना पुरतो. तेव्हा टाचणीला इतकं फसवल्यासारखं झालं होतं की तिने ग्रुपवर तोंडच दाखवलं नव्हतं. ताईला तर ती बोललीही नव्हती. आता मात्र तिने तोच आवाज असलेली दुसरी मालिका शोधून काढली. सेनापतीचा शेवटचा भाग एकटीने आवाज बंद करून बघून घेतला, आणि ताईपुढे ही दुसरी लावली.

या मालिकेत तो आवाज एका वैद्याचा होता. टाचणीने सांगितलं, मामाच्या माणसांपासून लपायला सेनापतीने वैद्याचं सोंग घेतलंय.

"आणि हे सगळे त्याला भलत्याच नावाने हाका का मारतात?" ताईने विचारलं.

"सोंग घेतलंय म्हटलं ना! खरं नाव सांगत फिरेल का?"

"घोडा कुठे गेला? टापा ऐकू येत नाहीत."

"लंगडतोय. तबेल्यात बांधलाय."

"घरात वैद्य असून घोडा लंगडा! कसला मेला वैद्य!"

टाचणीने हसून वेळ मारून नेली. सुरुवातीचं गाणं वेगळं होतं, ते ती पुढे ढकलायची; म्हणायची, रोज रोज काय तेच ऐकायचं. दुपारच्या थापा ती सकाळी मशीनवर बसून जुळवायची. तिने मामाला तुरुंगात घातलं, सोडवलं, पुन्हा घातलं. खोटं बोलताना तिला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची. गाडी येत होती, ताई जात होती, एवढंच तिला पुरेसं होतं.

ताई मात्र आटत चालली होती. कप धरायचा तर दोन्ही हात लागत. तिला उचलून जिना उतरवणारा ड्रायव्हर एकदा म्हणाला, "आधी वाटभर त्या मामाच्या गोष्टी सांगायच्या हो मला. हल्ली बोलतच नाहीत." टाचणीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग एका दुपारी, गाडी यायच्या आधी, वैद्याच्या मालिकेत ढोल वाजू लागले. टाचणी रंगात येऊन सेनापतीचं लग्न लावत होती.

"टाचणे, बंद कर ते."

"का गं? नवरी यायचीय अजून."

"वैद्याचं लग्न आहे, लागू दे. आपल्या सेनापतीचं काय झालं?"

टाचणीने रिमोटने ढोल बंद केले.

"गाणं लावायचं बंद केलंस त्याच दिवशी कळलं मला," ताई म्हणाली. "मालिका संपल्याशिवाय तू ते गाणं सोडणारी नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकं मन लावून थापा मारत होतीस. म्हटलं, जाऊ अजून थोडे दिवस. तुझ्यासाठी गेले, टाचणे. आता नाही होत. खरा शेवट लाव, गाण्यासकट. आणि लिहिलंय तेच वाच."

टाचणी रडली, भांडली, पाय आपटले तिने. "आणि मी काय करू? कुणाला वाचून दाखवू?"

"गिऱ्हाइकांना सोडतेस होय तू?" ताई म्हणाली, आणि चाचपडत तिचा हात धरून बसली.

टाचणीने डोळे पुसले आणि शेवटचा भाग लावला. आधी गाणं, मग दरबार. सेनापतीने आपला शिक्का राजापुढे ठेवला, बाहेर येऊन घोड्याला पाणी पाजलं. घोड्याच्या टापा वाजल्या तशी ताई सरसावून बसली. राजा पायऱ्या उतरून मागे धावला.

"थांब म्हणतोय," टाचणीने सांगितलं. "पुन्हा म्हणतोय, थांब."

मग तो ओळखीचा आवाज बोलला आणि खाली ओळ उमटली. ती बदलता आली असती. इतके दिवस टाचणीने अख्खं राज्य बदललं होतं. ताई तिच्याकडे तोंड करून वाट बघत होती.

"थकलो, महाराज. जाऊ द्या," टाचणीने वाचलं.

ताईने मान डोलावली. पुन्हा गाणं लागलं तेव्हा ती बारीक आवाजात गुणगुणू लागली. शब्द तिला कधीच येत नव्हते, नुसता सूर.

"छान संपवलं," ती म्हणाली. "उगाच वाढवलं नाही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. टाचणीने सवयीने पलंगाखालून ताईच्या चपला बाहेर ओढल्या. हॉर्न पुन्हा वाजला. ताईने पाय पलंगावर वर घेतले. टाचणीने चपला परत आत सरकवल्या आणि ड्रायव्हरला सांगायला ती जिना उतरली.