चोथ्याचा खड्डा

बिअरच्या कारखान्यात उकळून झालेल्या सातूचा चोथा उरतो. तो आपल्या गाडीत भरून नेणाऱ्या माणसाला सगळे चोथेवालाच म्हणत. त्याच्या कपड्यांना त्या चोथ्याचा आंबूस वास कायमचा चिकटला होता. घरात मूलबाळ नव्हतं. दोन गाई होत्या, थोरली आणि धाकटी. बायको त्यांना कौतुकानं माझ्या जावा म्हणायची. दोघी त्या चोथ्यावरच पोसल्या होत्या.

एक दिवस कारखान्याच्या दाराला पाटी लागली : इथे काहीही वाया जात नाही. कारखान्यातल्या बॉयलरवाल्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता चोथा वाळवून भट्टीतच जाळणार, धुण्याचं पाणीसुद्धा पुन्हा वापरणार. चोथेवाला पाटीकडे बघत राहिला. आधी तरी कुठे काय वाया जात होतं, असं त्याच्या मनात आलं. भट्टी सुरू होईपर्यंत लागेल तेवढा ने, एवढी मुभा बॉयलरवाल्यानं त्याला दिली.

ओला चोथा उघड्यावर दोन दिवसांत सडतो. म्हणून त्यानं घरामागे खोल खड्डा खणला. गवंडी मेव्हण्यानं तो आतून लिंपून दिला. नवरा-बायकोनं चोथ्याचे थर पायांनी तुडवून तुडवून दाबले, वर प्लास्टिक अंथरलं, त्यावर जुने टायर आणि दगड ठेवले. वारा आत शिरला नाही तर चोथा महिनोन्महिने टिकतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या चाऱ्याची सोय लावता येईल, असा हिशेब होता.

"दाजी, पुरताय की पेरताय?" मेव्हणा हसत म्हणाला.

आतला चोथा मुरेपर्यंत खड्डा उघडायचा नाही, तोवर गाईंना नुसत्या वाळल्या गवतावर ठेवायचं ठरलं. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या तसा चोथेवाल्याचा जीव थाऱ्यावर राहीना. आत सगळं ठीक असेल ना? तो एका कोपऱ्यातला दगड सरकवायचा, मूठभर चोथा काढून हुंगायचा. चांगला असायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायकोनं एकदा पाहिलं.

"अहो, सारखं झाकण काढलं तर भांड्यातलं काही शिजतं का?"

"बघितलं नाही तर कळणार कसं?" तो म्हणाला.

शेवटी खड्डा उघडायचा दिवस आला. प्लास्टिक ओढताच आतून गरम वाफ अंगावर आली. वर हिरवा-काळा थर होता. मेव्हण्यानं फावड्यानं खोलवर उकरलं, तिथंही बुरशीचे धागे. गाईनं खाल्लं तर मरेल, असं तो म्हणाला. मग त्यानं फावडं टेकलं. बुरशी त्या एकाच कोपऱ्यापासून पसरत गेलेली दिसत होती. त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

दुसऱ्या चाऱ्याची सोय झालीच नव्हती; गाई व्यापारी घेऊन गेला. थोरली दावणीपाशी अडून बसली, तिला ढकलावं लागलं. बायको दारात उभी होती.

"जावा वेगळ्या निघाल्या," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. तिनं नवऱ्याला दोष दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सडका चोथा गाडीत भरून तो कारखान्यावर गेला. निदान जळेल तरी, असं त्याला वाटलं होतं. बॉयलरवाल्यानं चिमूटभर बोटांत घेतला आणि झटकला.

"हा नाही चालायचा रे. ओला, वर बुरशीचा. भट्टी खराब होईल. परत ने."

चोथेवाला भरली गाडी घेऊन पाटीखालून बाहेर पडला. टाकायला जागा कुठेच नव्हती, जिथं थांबावं तिथं लोक नाक दाबून हाकलत. घरी येऊन त्यानं सगळा चोथा पुन्हा खड्ड्यात लोटला आणि सवयीनं तुडवून घट्ट दाबला. वर प्लास्टिक ओढलं, टायर ठेवले, एकेक दगड नीट बसवला. या वेळी एकही कोपरा त्यानं उघडा ठेवला नाही.