दोष तेलाचा नव्हता

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज तुमच्यापाशी बोलतेय — आजच का, ते विचारू नका.

आमच्या सासूबाई तोंडाने फटकळ, पण माया अशी की सून माहेर विसरेल. तारापूरजवळ आमची नारळाची वाडी. नारळाचं दूध आटवून, त्यात माका घालून त्या तेल काढायच्या. आळीतल्या बाळंतिणी ते मागून न्यायच्या. मी सफाळ्याहून नवी सून होऊन आले, तर रोज संध्याकाळी मला पुढ्यात बसवून तेल चोळायच्या. किती सुख वाटायचं, काय सांगू!

महिन्याभरात डोक्यात लाल चट्टे उठले, वर पांढऱ्या खपल्या. सासूबाई घाबरल्या. मी? मीही घाबरल्याचं दाखवलं. दहावीपासून होता तो सोरायसिस. लग्नापुरता औषधांनी दाबला होता, आणि सासरी कुणाला सांगितलं नव्हतं.

पालघरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार कुणामुळे होत नाही. तेलाचा काही दोष नाही." सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी बाहेर येताच त्यांनी विचारलं, "माज्या तेलानंच झालं ना गं?"

नाही म्हटलं, तर मग कशाने? कधीपासून? — हे सगळं निघालं असतं.

"असेल, आई," मी म्हणाले.

त्यानंतर माझं औषधपाणी त्यांनीच केलं. एकेक भांग पाडून खपल्या मऊ करणारं औषध लावायच्या, सकाळी डांबराच्या वासाचा शाम्पू. "डोक्यावर रस्ता बांदायला घेतलाय जनू," म्हणून मला हसवायच्याही. चट्टे निवले. पण तेलाची कढई त्यांनी पुन्हा चुलीवर चढवली नाही. शेजारणी मागायला आल्या की "आता जमत नाय" म्हणायच्या. किती सोपं होतं तेव्हा खरं सांगणं — नाही का?

मग मला मुलगी झाली. आमच्याकडे बाळाची टाळू आजीने भरायची. मी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेलाची वाटी पुढे केली. त्यांनी हात पदराखाली घेतले.

"नको पोरी. तुजं डोकं नासवलं तेवडं पुरे. माजा हात नको लागायला तिला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. फार जीव आहे माझा त्यांच्यावर, खरंच आहे. आणि मी वाटी उचलून स्वतःच टाळू भरली.

लेक आता शाळेत जाते. तिच्या केसांना आजीने अजून हात लावलेला नाही.