कोपर बुडेल इतकं

बदलापुरात आमच्या सोसायटीसमोरच्या मोकळ्या जागेत बारवी धरणाकडची एक मावशी रानभाज्या विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. तिथं बाग करायची ठरली. निम्मा खर्च नगरपालिकेचा, निम्मा वाटा आमचा, श्रमदानातून. आम्ही एका रविवारी फोटोपुरते राबलो. पाटी रिकामी झाली की रोज खणायची ती मावशीच. प्रत्येक खड्ड्यात हात घालून बघायची. "कोपर बुडलं पाहिजे, भाऊ. नाहीतर झाड नुसतं उभं राहतं, रुजत नाही."

नगरपालिकेला दिलेल्या बागेच्या अर्जात 'जागा फेरीवालामुक्त करू' असं मीच लिहिलं होतं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खड्डे कोणी खणले असते?

बाग झाली आणि तिला उठवलं. पाटी डोक्यावर घेताना ती म्हणाली, "आधी बोलला असतास तरी खणलं असतं रे. एक झाड फक्त नाल्यापल्याड लावलं असतं, माझ्या सावलीला."

आता ती नाल्यापल्याड उन्हात बसते. परवा कुदळ घेऊन मी एकटाच तिथं खणायला गेलो. तिनं बांगड्या मागे सारून खड्ड्यात हात घातला.

"अजून खण," म्हणाली.